ईजीआरची काजळी आणि पत्र्याचा तुकडा

डिझेल इंजिनातून निघणारी काजळी दोन जातींची असते. एक कोरडी, राखाडीकडे झुकणारी, बोटावर घेऊन फुंकर मारली की उडून जाणारी. दुसरी ओली, चकचकीत काळी आणि इतकी चिकट, की शर्टाला लागली तर तो शर्ट पुन्हा गॅरेजातच घालायचा. दोन्ही एकाच इंजिनात, एकमेकींपासून वीतभर अंतरावर सापडतात. जिथून नुसता धूर वाहतो तिथली काजळी कोरडी. जिथे त्या धुराची गाठ गार हवेशी आणि तेलाच्या वाफेशी पडते तिथली ओली. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीजवळच्या एका गॅरेजात अर्धा दिवस बसून मी हे पाहिलं. गाडीच्या ईजीआरमधला कार्बन काढण्याचं काम चाललं होतं.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर. गेल्या वीस वर्षांत या गावाचा नूर पालटला. २००६ मध्ये इथे विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली आणि तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये इथल्याच रे नगर वसाहतीतल्या तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार घरं असंघटित कामगारांच्या ताब्यात आली. माणसं इथे राहायला आली, पण कितीतरी जणांची कामं सोलापुरातच राहिली. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ या रस्त्यावर रिक्षा, वडाप आणि बसची रीघ असते. त्यांत स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला, तिथून पुढे गाणगापूरला निघालेल्या गाड्या मिसळतात. हंगामात उसाची वाहनंही येतात. इतकी चाकं फिरतात म्हटल्यावर गॅरेजंही आलीच.

हे गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, मधोमध खड्डा, कोपऱ्यात कॉम्प्रेसर, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. हात पुसायला चिंध्या होत्या त्या टॉवेलच्या कारखान्यातून किलोवर आणलेल्या. सोलापूरच्या यंत्रमागावरचा टेरी टॉवेल काठाला बिघडला की त्याचा शेवट असा कुठल्यातरी इंजिनाशेजारी होतो. मिस्त्री पन्नाशीचे. हाताखाली एक तरुण, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आलेला. पाना मिस्त्रींच्या हातात, स्कॅनर त्याच्या.

खड्ड्यावर उभी होती ती २०१८ सालची, बीएस-४ प्रदूषण मानकाची डिझेल पिकअप. मालकच ड्रायव्हर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सायझिंगमधून सुताचे बीम उचलायचे आणि जवळपासच्या यंत्रमाग कारखान्यांत टाकायचे, हा गाडीचा रोजचा धंदा. अधूनमधून विडी कारखान्यांच्या शाखांवर तेंदूपत्त्याची पोती पोचवण्याचं भाडंही मिळतं. एक खेप दोन-तीन किलोमीटरची. इंजिन नीट तापायच्या आत गाडी मुक्कामाला पोचते आणि माल उतरेपर्यंत इंजिन तसंच सुरू राहतं, कारण सारखं बंद-चालू केलं की स्टार्टर जातो असं मालकांचं मत. दिवसभरात किलोमीटर थोडे पडतात, इंजिन मात्र तासन् तास चालतं.

त्यांची तक्रार थोडक्यात होती. “पिकअप घेईना झालीय बघा. मोकळीला बरी चालती, भरली की चढावर जीव सोडती. काळा धूर सोडायलीय, आणि मीटरमधला पिवळा दिवा काय विझंना.”

तरुणाने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. कोड आला पी०४०४. ईजीआरच्या झडपेला जिथे जायला सांगितलं तिथे ती जात नाही, असा त्याचा अर्थ. मग त्याने चालू इंजिनाचे आकडे पडद्यावर आणले. कॉम्प्युटरची आज्ञा होती शून्याची, म्हणजे पूर्ण बंद. झडप मात्र पंधरा-सोळा टक्क्यांवर अडकली होती. इंजिनात जाणारी ताजी हवाही हवी त्यापेक्षा कमी दिसत होती.

तरीही मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरला. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज चाचपून त्याला चीर नाही ना ते पाहिलं. हवेचं वजन मोजणारा सेन्सर काढून स्वच्छ आहे का बघितलं. “कोड नुसता पत्ता सांगतो,” ते म्हणाले. “चोर कोण ते आपण बघायचं.” काळा धूर आणि मेलेली ताकद ही लक्षणं फाटक्या होजचीही असतात आणि खराब इंजेक्टरचीही. हे न तपासता ईजीआर उघडणाऱ्याच्या दारात तीच गाडी आठ दिवसांनी पुन्हा उभी राहते.

ईजीआर म्हणजे इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनातच पाठवण्याची सोय. ऐकायला विचित्र वाटते. बाहेर टाकायची घाण पुन्हा आत कशाला घ्यायची? उत्तर सिलिंडरमधल्या उष्णतेत आहे. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमध्ये जाळाचं तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की हाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग करू लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. तापमान जसं वाढतं तसा त्यांचा तयार होण्याचा वेग झपाट्याने चढत जातो. ही रासायनिक साखळी १९४०च्या दशकात याकोव झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने उलगडली. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या तपकिरी धुरक्याचा शोध घेताना आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की हीच ऑक्साइडं आणि न जळलेल्या इंधनाची वाफ यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. ऊन ही सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गोष्ट नाही.

जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ भरपूर असते. तो ताज्या हवेत मिसळला की जाळाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि निर्माण झालेली उष्णता हे वायू शोषून घेतात. जाळाचं टोकाचं तापमान उतरतं आणि विषारी ऑक्साइडं कमी होतात. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही ऑक्साइडं मोडू शकतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे तिथे तो उपाय चालत नाही. म्हणून डिझेलला ईजीआर. हलक्या भारावर काही इंजिनांत आत जाणाऱ्या वायूपैकी ४० ते ५० टक्के हा परत फिरवलेला धूर असतो. पायाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ताकदीसाठी सगळी ताजी हवा लागते आणि झडप मिटते. या पिकअपची झडप नेमकी तेव्हाच मिटत नव्हती. भरल्या गाडीला चढावर ताजी हवा हवी असताना तिच्या तोंडात धूर जात होता.

या सोयीची किंमत म्हणजे काजळी. जाळ थंड केला की नायट्रोजनची ऑक्साइडं घटतात, पण काजळी वाढते. दोन्ही एकाच वेळी कमी करणं इंजिन बांधणाऱ्यांना आजही जड जातं. वाढलेली काजळी त्याच वाटेने परत आत येते. गरम वायूतला सूक्ष्म कण थंड भिंतीकडे ओढला जातो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे धूर गार करणाऱ्या ईजीआर कूलरमध्ये आणि ताजी हवा जिथे भेटते त्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी काजळी सर्वांत जास्त बसते. त्यात इंजिनाच्या चेंबरमधून ब्रीदरच्या नळीने येणारी तेलाची वाफ मिसळते आणि खळ तयार होते. इंजिन थंड असताना हे सगळं अधिक होतं. तापायच्या आत थांबणारी, थांबून तासन् तास धडधडणारी गाडी या काजळीला हवं ते सगळं पुरवते.

इंजिन गार झाल्यावर काम सुरू झालं. सर्वांत आधी बॅटरीची मायनस वायर सुटली. तरुणाने प्रत्येक नळीचा आणि कनेक्टरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मिस्त्रींना त्याची गरज नव्हती, पण त्यांनी अडवलंही नाही. कनेक्टरच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या उष्णतेने ठिसूळ होतात, त्यामुळे त्या नखाने हळू उचलायच्या. कूलरमधून कूलंट फिरतं, ते आधी खाली बादलीत काढून घेतलं. धुराच्या पाइपाचे बोल्ट मात्र धरून बसले होते. वर्षानुवर्षं तापून-निवून बोल्ट आणि ओतीव लोखंड एकजीव होतात. मिस्त्रींनी गंज सोडवणारं तेल मारलं आणि चहा सांगितला. चहा होईतो तेल मुरलं. मग गोटी पान्याने बोल्ट थोडा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडवायचा, असं करत तो बाहेर आला. इथे जोर केला की बोल्टची मुंडी हातात येते, उरलेला दांडा आत राहतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

झडप बाहेर आली तेव्हा तिचा मूळ धातू कुठला आणि काजळी कुठली, ते ओळखू येत नव्हतं. धुराच्या बाजूला कोरडा थर होता, नखाने खरवडला की भुगा पडत होता. हवेच्या बाजूला ओला, चकाकणारा. झडपेची चकती जिथे टेकते त्या कडेवर कार्बनचा एक खडा पक्का बसला होता. तेवढा खडा चकतीला पूर्ण टेकू देत नव्हता. पडद्यावरच्या पंधरा-सोळा टक्क्यांचा उलगडा या खड्याने झाला.

आता साफसफाई. मिस्त्रींच्या हाताला इथे घाई नव्हती. या झडपेला डोक्यावर छोटी मोटर आहे, तिच्या आत नाजूक गिअर आणि जागा सांगणारा सेन्सर आहे. म्हणून सगळी झडप भांड्यात बुडवायची नाही. मोटर वर, चकती खाली अशी धरायची, म्हणजे फवारलेलं द्रव दांड्यावरून वर मोटरीत शिरत नाही. चकती बोटाने जोर करून दाबायचीही नाही, आतल्या गिअरचे दाते तुटतात. तिच्यावर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून थोडा वेळ तसंच ठेवलं. मग जुना दातांचा ब्रश आणि बांबूची तासलेली काडी. स्क्रू-ड्रायव्हर का नको, असं मी विचारलं. मिस्त्रींनी चकतीची कड उजेडात धरून दाखवली. तिच्यावर एक ओरखडा पडला तरी झडप बंद असताना तिथून धूर गळत राहतो, मग साफ केलेलीही फुकट.

आणखी एक पथ्य त्यांनी कसोशीने पाळलं. लोखंडी भागांवरचा कार्बन काढायला काही ठिकाणी कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी वापरतात. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला आणि झडपेच्या अंगाला ते चालत नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, वर हायड्रोजन वायू सोडतं. भाग पांढरा पडून बाहेर येतो, पाहणाऱ्याला वाटतं लख्ख झाला, पण त्याची जाडी घटलेली असते. स्प्रेही भसकन पेट घेणारा असतो, म्हणून काम चालू असताना शेडमध्ये कुणी काडी ओढायची नाही. विड्या वळणाऱ्या गावात हा नियम सगळेच पाळतात असं नाही, पण इथे पाळला जात होता.

कूलर वेगळा सोडवून डिझेल आणि रॉकेलच्या मिश्रणात भिजत ठेवला होता. त्याच्या आतल्या अरुंद नळ्यांत ब्रश जात नाही. भिजवायचा, हलवायचा, ओतायचा, पुन्हा भिजवायचा. ओतलेलं द्रव पहिल्यांदा शाईसारखं काळं आणि हळूहळू चहाच्या रंगाचं झालं. शेवटी एका तोंडाला बूच लावून कूलर पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या तोंडातून हलकी हवा दिली. बुडबुडे आले असते तर आतून चीर आहे असं ठरलं असतं. अशा गाडीचं कूलंट बाहेर थेंब न सांडता कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. इथे बुडबुडे आले नाहीत. काळं द्रव मात्र शेडमागच्या नाल्यात गेलं नाही. जुन्या ऑइलच्या पिंपात गेलं. प्रत्येक गॅरेजात असं होत नाही, हे रस्त्याकडेची माती बघून कळतं.

खरं कष्टाचं काम मॅनिफोल्डचं. झडप सगळ्यांना दिसते, ती साफ करून पुष्कळ जण थांबतात. पण झडपेतून आलेला धूर पुढे मॅनिफोल्डमध्ये पसरतो आणि ओली काजळी तिथे थरावर थर चढवते. मिस्त्रींनी टॉर्च मारून मला आत बघायला सांगितलं. अंगठा सहज जावा अशा वाटेत करंगळी अडकत होती. मॅनिफोल्ड उतरवून बाहेर धुता येतो, पण इंजिनाच्या हेडमधली तोंडं जागेवरच साफ करावी लागतात. त्यासाठी आधी इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरच्या झडपा बंद स्थितीत आणायच्या, शेजारच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या, मग खरवडायचं आणि पडेल तो भुगा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. एक टणक खपली आत पडली तर ती झडपेच्या कडेखाली अडकते, किंवा सिलिंडरमधून निसटून थेट टर्बोच्या पात्यांवर आदळते. टर्बोची पाती मिनिटाला लाखभराहून अधिक फेरे घेतात. त्या वेगात आलेली खपली पात्याचा टवका काढते. म्हणून आत कोंबलेल्या चिंध्या मोजून आत आणि मोजून बाहेर. तरुण तोंडाने आकडा म्हणत होता, मिस्त्री मान डोलवत होते.

इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीत फवारायचे क्लीनर आणि हायड्रोजन सोडून कार्बन जाळण्याची यंत्रं यांच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. मिस्त्रींचं त्यावरचं मत रोखठोक आहे. पातळ थर असेल तर थोडा फरक पडत असेल, पण इतका साठा नुसत्या फवाऱ्याने जात नाही. गेलाच तर खपल्या होऊन इंजिनातूनच जातो, आणि आत काय उरलं ते दिसत नाही. उघडून केलेलं काम गिऱ्हाइकाला दाखवता येतं.

हे सगळं चालू असताना मिस्त्रींच्या हातात हातमोजे नव्हते. तरुणाने घातले होते आणि मिस्त्री त्याला त्यावरून चिडवत होते. तरुण बरोबर होता. काजळीने कर्करोग होतो हे १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरून ओळखलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. मिस्त्रींच्या बोटांच्या पेरांत आणि नखांत बसलेला काळा रंग साबणाने निघत नाही. गॅरेजवाल्याने आधी हातमोज्यांचं खोकं आणि मास्क आणावेत, मग नवा स्कॅनर.

सगळं सुटून खाली मांडलेलं असताना मालक सहज म्हणाले, “मिस्त्री, आता उघडलंच आहे तर मधी पत्राच मारा की. परत कटकट नको.”

ही मागणी नवी नाही. धुराच्या पाइपाच्या जोडात, दोन बोल्टांच्या मधे पत्र्याचा तुकडा घालायचा, म्हणजे धूर परत आत येणारच नाही. जुन्या, तारा कमी असलेल्या गाड्यांत एवढ्याने काम भागायचं. आता कॉम्प्युटरला कळतं. झडप उघडूनही ताज्या हवेचं वजन घटत नाही, हे हवेचा सेन्सर टिपतो आणि पी०४०१चा कोड येऊन दिवा पुन्हा पेटतो. मग लॅपटॉपवाल्याकडे जाऊन कॉम्प्युटरमधून ईजीआरच पुसून टाकायचा. मिस्त्री म्हणाले, “देतात लोक मारून. मी देत न्हाई. तुमची गाडी माझ्याकडं कशासाठी येती? दुरुस्तीला. ही दुरुस्ती न्हवं.”

मालकांनी मग जो युक्तिवाद केला तो मला या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा वाटतो. ते म्हणाले, पत्रा मारलेल्या गाड्या पीयूसीला बिनबोभाट पास होतात, उलट त्यांचा धूर कमी असतो.

त्यांचं म्हणणं खरं आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे तेवढंच मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं त्या यंत्राला दिसतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते, म्हणजे डोळ्यांना आणि पीयूसीच्या यंत्राला गाडी स्वच्छ वाटते, आणि न दिसणारा वायू मात्र वाढलेला असतो. रस्त्याकडेला थांबलेल्या वडापमागे उभ्या माणसाला काळा धूर आला तर तो तोंड फिरवतो. नायट्रोजन डायऑक्साइड आला तर त्याला कळतही नाही. हा वायू श्वासनलिका चुरचुरवतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतो. हवेत त्याचेच पुढे नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव होतं. त्या हवेत या रस्त्यावरचा प्रत्येक पत्रा आपली भर घालतो.

या युक्तीत रस्त्याकडेचा मिस्त्री एकटा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखायचं. तपासणीपुरता ईजीआर भरपूर चालायचा, रस्त्यावर आल्यावर तो आखडता घेतला जायचा. अमेरिकेत रस्त्यावरच्या चाचण्यांत काही गाड्यांतून मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत ऑक्साइडं निघाली. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपासणी केली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे तिला सक्तीच्या कारवाईपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं. गॅरेजातला पत्रा आणि कंपनीत लिहिलेली सॉफ्टवेअरची ओळ, दोघांचा हिशेब एकच. कटकट आपली वाचवायची आणि तिचा भार ज्याला दिसत नाही त्याच्यावर टाकायचा.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. वायुप्रदूषणाची मानकं मोडणारं वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने आली. पण जे मोजलंच जात नाही ते पकडणार कोण? डिझेल मोटारींसाठी बीएस-४मध्ये ही ऑक्साइडं किलोमीटरला ०.२५ ग्रॅमपर्यंत चालायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ने ती ०.०८ ग्रॅमवर आणली. ही मर्यादा गाडी नवी असताना तपासली जाते. दहा वर्षांच्या गाडीत पत्रा आहे की नाही, हे कोणतंही पीयूसी केंद्र बघत नाही.

मालक पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी उन्हं उतरताना जोडणी झाली. जुनी पॅकिंग उलटून-पालटून पुन्हा वापरली नाही, नवी घातली. बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळले. कूलंट भरून त्यातली हवा काढली. बॅटरी जोडून चावी फिरवली तेव्हा झडपेने आत टिकटिक करत एक पूर्ण फेरी घेतली. तरुणाने स्कॅनरवरून तिला बंदची नवी जागा शिकवली आणि जुना कोड पुसला. आज्ञा शून्य, झडप शून्य. मग उघडण्याची आज्ञा दिली, झडप उघडली आणि त्याच क्षणी ताज्या हवेचा आकडा उतरला. वाट मोकळी झाल्याचा हा पुरावा. खेपेचे बीम मागे तसेच होते. वळसंगच्या दिशेने गाडी नेली तेव्हा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती अडखळली नाही, आणि आरशात काळा लोट दिसला नाही.

नवी झडप घ्यायची तर हजारांत पैसे जातात. कूलरसकट सगळं बदललं तर एवढ्या जुन्या गाडीवर तो खर्च मालकाला परवडत नाही. साफसफाईला अर्धा दिवस, दोन पॅकिंग, स्प्रेच्या बाटल्या आणि मजुरी लागली. छोट्या खेपांची गाडी असेल तर हे काम पुन्हा करावं लागणारच. पण ते लांबवता येतं. माल उतरवताना इंजिन बंद ठेवा. आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण तापवून मोकळ्या रस्त्यावर वरच्या फेऱ्यांत चालवा. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वेळेवर बदला. इंजेक्टर आणि टर्बोच्या नळ्यांकडे लक्ष द्या, कारण काजळी मुळात तिथे वाढते. बीएस-६ची गाडी असेल तर हे अधिकच पाळा. तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफ आहे, आणि ईजीआर बिघडला की त्याचा भार त्या महागड्या फिल्टरवर पडतो.

पीयूसीमध्ये डिझेल गाड्यांचा ईजीआर जागेवर आणि चालू आहे की नाही, एवढं तरी स्कॅनर लावून बघायला सुरुवात व्हायला हवी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. कुंभारीच्या शेडमध्ये एका आयटीआयच्या तरुणाने ते काही मिनिटांत दाखवलं. तोवर ही गोष्ट मालक आणि मिस्त्री यांच्यातच ठरते. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लावाल तेव्हा ईजीआर उघडून साफ करायला सांगा, आणि कुणी पत्र्याचा सल्ला दिला तर त्याला नाही म्हणा.